मल्ल आणि वस्ताद



वाळूज म्हटलें कीं आज कारखान्यांच्या रांगा डोळ्यांपुढें उभ्या राहतात. परंतु वाळूजच्या शेजारच्या औरंगाबाद शहरांत, ज्याचें नांव आतां छत्रपती संभाजीनगर असें आहे, १९६१ सालीं महाराष्ट्राच्या मल्लविद्येंतील एका मोठ्या परंपरेचा आरंभ झाला. त्या वर्षीं येथें दिनकर दह्यारी हे पहिले ‘महाराष्ट्र केसरी’ ठरले. तेव्हांपासूनच्या विजेत्यांची यादी कुस्तीच्या पुष्कळ शौकिनांस तोंडपाठ असते. त्या विजेत्यांना घडविणाऱ्या वस्तादांची यादी मात्र क्वचितच कोणी सांगूं शकेल. आज मला बोलावयाचें आहे तें या दुसऱ्या, न लिहिलेल्या यादीविषयीं. आणि त्यासाठीं मी मराठवाड्यांतीलच एका मल्लाचें उदाहरण घेतों.

कै. हरिश्चंद्र बिराजदार हे आजच्या लातूर जिल्ह्यांतील, निलंगा तालुक्यांतील रामलिंग मुदगड या गांवचे. कुस्तींत नांव मिळवूं पाहणाऱ्या खेड्यांतील मुलांचीं पावलें त्या काळीं कोल्हापुराकडे वळत. शाहू महाराजांनीं तेथें मल्लांस उदार आश्रय दिला होता व १९१२ सालीं खासबागेचें मैदान उभें केलें होतें. त्या नगरींतील गंगावेस तालमींत बिराजदार तयार झाले. १९६९ सालीं लातूर येथें ते महाराष्ट्र केसरी झाले आणि पुढच्याच वर्षीं एडिंबरो येथील राष्ट्रकुल स्पर्धेंत त्यांनीं सुवर्णपदक मिळविलें. या दोन यशांमधील अंतर लक्षांत घेण्याजोगें आहे. मातींतील कुस्ती प्रतिस्पर्धी चीत होईपर्यंत चालावयाची. गादीवर वेळ ठरलेली आणि गुणांची मोजदाद चाललेली. मातींत वाढलेल्या मल्लास गादीवर जणूं दुसरी भाषाच शिकावी लागते. बिराजदारांनीं ती शिकून घेतली.

त्यांच्या कीर्तीचा कळस मात्र बेळगांवास झाला. १९७७ सालीं तेथें त्यांची गांठ दिल्लीच्या सत्पाल यांच्याशीं पडली. गुरु हनुमान यांच्या आखाड्यांतील हा तरुण मल्ल त्या वेळीं उत्तर हिंदुस्थानचा अभिमान होता. बिराजदारांनीं त्यास हरविलें. महाराष्ट्रांतील जुन्या मंडळींच्या बोलण्यांत ही कुस्ती पुढें वर्षानुवर्षें निघत राहिली. सामान्यतः चरित्रकार येथें लेखणी खालीं ठेवतो. पण माझ्या मतें खरी कथा येथून पुढेंच सुरू होते.

मल्लाचें शरीर हें त्याचें भांडवल, आणि तें दिवसेंदिवस घटत जाणारें भांडवल आहे. वय झालें कीं डाव ठाऊक असतो, पण अंग साथ देत नाहीं. अशा वेळीं आपल्या अंगांतील विद्या दुसऱ्याच्या अंगांत उतरविणें हा एकच मार्ग उरतो, आणि तो दिसतो तितका सोपा नाहीं. स्वतःला सहज साधलेली गोष्ट दुसऱ्यास कां साधत नाहीं, हें मोठ्या खेळाडूस पुष्कळदां उमगतच नाहीं.

सातासमुद्रांपलीकडे वेल्समध्यें रग्बी या अंगमस्तीच्या खेळाला जो मान आहे, तोच आपल्याकडे कुस्तीला आहे. तेथील कार्विन जेम्स यांना देशाकडून अवघे दोन सामने खेळावयास मिळाले, तेहि १९५८ सालीं. कारण त्यांच्या जागीं क्लिफ मॉर्गन हा अधिक नामांकित खेळाडू होता. परंतु १९७१ सालीं याच जेम्स यांच्या शिकवणुकीखालीं ब्रिटिश बेटांचा संघ न्यूझीलंडला गेला आणि चार कसोटींपैकीं दोन जिंकून, एक बरोबरींत सोडवून मालिका जिंकून आला. खेळणें आणि शिकविणें हीं दोन वेगळीं सामर्थ्यें आहेत, हें यावरून स्पष्ट होतें. जेम्स यांच्या वांट्यास पहिलें थोडें आणि दुसरें फार आलें. बिराजदारांनीं दोन्ही कमावलीं, आणि म्हणूनच मला त्यांचें विशेष वाटतें.

पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमींत त्यांनीं आपलें उत्तरायुष्य वेंचलें. शिष्य त्यांना ‘मामा’ म्हणत. पुढें अर्जुन पुरस्कार मिळविणारे काका पवार हे त्यांचेच शिष्य. बीड जिल्ह्यांतील पाटोद्याचा राहुल आवारे हाहि मामांच्या हाताखालीं घडला. आणि १४ सप्टेंबर २०११ रोजीं मामा निवर्तल्यावर त्याची जबाबदारी काका पवारांनीं पत्करली. गुरूचें अपुरें राहिलेलें काम थोरल्या शिष्यानें धाकट्यासाठीं पुरें करावें, हीच तालमीची रीत. २०१८ सालीं ऑस्ट्रेलियांत राहुलनें राष्ट्रकुल सुवर्णपदक जिंकलें आणि तें आपल्या दिवंगत गुरूस अर्पण केलें. शिष्याचें हें पदक गुरूच्या सुवर्णपदकानंतर अठ्ठेचाळीस वर्षांनीं आलें होतें.

आणि बेळगांवचे ते दुसरे मल्ल? सत्पाल हेहि दिल्लीस गुरु झाले. त्यांच्या शिष्यानें, सुशील कुमारनें, २००८ व २०१२ अशा दोन ऑलिंपिक स्पर्धांत पदकें मिळविलीं. बेळगांवांत एक जिंकला, एक हरला. पण शिकविण्याच्या आखाड्यांत दोघेहि जिंकले, आणि त्यांत कोणाचीच हार नव्हती.

सरकारनें २००६ सालीं बिराजदारांना ध्यानचंद पुरस्कार दिला. तो खेळाडूच्या जीवनभराच्या कामगिरीचा गौरव होता. गुरुत्वाचा द्रोणाचार्य पुरस्कार सत्पाल यांना २००९ सालीं लाभला. मानसन्मानांची तुलना करण्याचा माझा हेतु नाहीं. बिराजदारांच्या गुरुत्वाची साक्ष त्यांच्या शिष्यांनीं दिलीच आहे. माझें म्हणणें एवढेंच कीं, खेळाचा इतिहास लिहितांना पदकापाशीं थांबूं नये. तें पदक कोणत्या हातांनीं घडविलें, हेंहि विचारावें.

ज्या तालमींत मामांनीं आयुष्य वेंचलें तिचें नांव पाहा. तें कोणा केसरीचें नाहीं, तें एका वस्तादाचें आहे. आपल्या पूर्वजांना जें ठाऊक होतें तें आपण विसरत चाललों आहों. आपल्या गांवांत जुनी तालीम असेल, तर तेथें कोणीं शिकविलें त्यांचीं नांवें वडीलधाऱ्यांस विचारून आजच लिहून ठेवा. हें काम उद्यांवर टाकलें, तर सांगणारें कोणी उरणार नाहीं.