टेट यांची फीत

मुंबईत 1842 साली गोल्फ क्लब निघाला तेव्हा चेंडू चामड्याचा असे, आत पिसं ठासून भरलेली. लांब मारायच्या काठीचं डोकं लाकडी. म्हणून ती आज धातूची झाली तरी नाव ‘वुड’च राहिलं. 1848च्या सुमारास गटापर्चाचा, म्हणजे झाडाच्या चिकाचा, चेंडू आला. तो नवा, गुळगुळीत असताना पटकन खाली यायचा आणि ठोके खाऊन ओरखडला की लांब जायचा. मग लोक कोरा चेंडूच हातोडीने टोचू लागले.

यातलं भौतिकशास्त्र एडिंबरा विद्यापीठातल्या पीटर गथ्री टेट या प्राध्यापकाने शोधलं. त्यांना छळणारा प्रश्न साधा होता: चेंडू हिशेबापेक्षा जास्त वेळ हवेत राहतो कसा? उत्तर फिरकीत होतं. चेंडू पुढे जाताना उलटा, मागच्या दिशेने फिरत असेल तर हवा त्याला वर उचलते. पुराव्यासाठी त्यांनी चेंडूला लांब फीत बांधली, तो चिकणमातीत मारला आणि फितीला पडलेले पीळ मोजले. मला या सगळ्या इतिहासात ही फीत सर्वात आवडते. स्वतः टेट यांना तरुणपणी शिकवलं होतं की फिरकी म्हणजे दोष, ती टाळावी. खरं काय ते कळेपर्यंत खेळायचं वय गेलं, असं त्यांनीच लिहून ठेवलंय.

मुलगा फ्रेडी मात्र अव्वल खेळाडू. जानेवारी 1893मध्ये सेंट अँड्र्यूजच्या गोठलेल्या जमिनीवर त्याचा फटका 341 यार्ड गेला. बापाचं गणित पोराने खोटं पाडलं, ही गोष्ट गोल्फवाले चवीने सांगतात. मला ती फार रचलेली वाटते, कारण फिरकीचं गणित तर त्या फटक्याच्याच बाजूचं होतं. फ्रेडी फेब्रुवारी 1900मध्ये बोअर युद्धात मारला गेला. पुढच्या वर्षी जुलैत टेटही गेले.

आता स्विंगच्या कोनाचं. आमच्या हातखंब्याच्या तिठ्यावर गोल्फ काढलं तर लोक हसतील, पण कातळावर विटी-दांडू खेळलेल्याला अर्धी गोष्ट आधीच ठाऊक असते: दांडू विटीला कुठून भेटतो यावर सगळं अवलंबून. विटीला अशी फिरकी नसते, म्हणून उरलेली अर्धी गोष्ट गोल्फची. काठी 4 अंश खाली येताना लागली आणि तिचा फेस आकाशाकडे 12 अंश कललेला असला, तर दोहोंत 16 अंशांचं अंतर पडतं. उलटी फिरकी वाढते, चेंडू फुग्यासारखा चढतो आणि पुढे न जाता पडतो. तीच काठी 4 अंश वर जाताना, फेस 14 अंश असताना लागली, तर अंतर 10च. चेंडू उंच निघतो, फिरकी कमी, पल्ला जास्त. म्हणून ड्रायव्हरसाठी चेंडू टीवर, पुढच्या पायाजवळ ठेवतात. गवतावरून मारायच्या वुडला ही मुभा नाही. तिथे काठी सपाट किंवा किंचित खाली येतच लागायला हवी. नवखा चेंडू उचलायला जातो आणि त्याच्या डोक्यावर मारतो.

आडव्या दिशेतही हेच. चेंडू स्विंगच्या वाटेने निघतो, असं प्रशिक्षक वर्षानुवर्षं शिकवत आले. या शतकात रडार आलं आणि दिसलं की तो मुख्यतः फेस जिकडे बघतो तिकडे निघतो. वाट आणि फेस यांत जितकं अंतर, तितका पुढे वळतो. ऑलिंपिक खेळलेल्या पुण्याच्या उदयन मानेच्या पिढीला फिरकीचा आकडा फटक्यानंतर लगेच पडद्यावर दिसतो. टेट यांना त्यासाठी मातीत रुतलेला चेंडू उपसून फीत उलगडावी लागे.