हद्दीपर्यंतचा माग

इंग्रजी अंमल येण्यापूर्वीच्या दख्खनमध्ये उभे पीक, खळ्यावरची रास, गोठ्यातली जनावरे आणि घरातली चीजवस्तू यांची राखण हे संपूर्ण गावाच्या शिरावरचे काम मानले जाई, आणि चोरी झालीच तर चोर कोण याच्या जोडीने, किंबहुना त्याच्याही अगोदर, नुकसान कोणत्या गावाने भरून द्यावयाचे हा प्रश्न विचारला जाई. या व्यवस्थेचे वर्णन करताना गावकुसाच्या भिंती, गढ्या आणि वेशीचे दरवाजे यांकडे लक्ष सहज जाते. परंतु त्या व्यवस्थेचा कणा होता तो भरपाईचा, आणि तो मोडल्यावर उरलेले पहारे कसे पोकळ होत गेले हे पाहिल्याखेरीज एकोणिसाव्या शतकातील ग्रामीण सुरक्षिततेचा इतिहास नीट उलगडत नाही.

राखावयाचे काय, हे आधी ध्यानात घ्यावे लागते. कुणब्याची संपत्ती म्हणजे मुख्यतः बैल आणि धान्य. जोंधळा हुरड्यात आल्यापासून कापणीपर्यंत शेतात माळा, म्हणजे चार खांबांवर बांधलेला उंच मांडव, घालून त्यावरून दिवसा गोफणीने पाखरे हाकली जात आणि रात्री रानडुकरांबरोबर कणसे खुडून नेणाऱ्यांवरही नजर ठेवली जाई. मळणी सुरू झाली की घरातले कोणी तरी खळ्यावरच निजावयास जाई. वर्षाचे धान्य कणगीत किंवा बळदात, म्हणजे भिंतीतच काढलेल्या कोठारात, राही. जास्तीचे धान्य पेवात जाई. पेव म्हणजे कठीण, कोरड्या जमिनीत खणलेले, तोंडाशी अरुंद व आत रुंद असे कोठार. आतून कडब्याचे अस्तर लावून तोंड दगडमातीने असे बुजवीत की परक्या माणसाला त्याच्यावरून चालूनही पत्ता लागू नये. पेंढाऱ्यांच्या स्वाऱ्या आणि सैन्याच्या येरझारा पाहिलेल्या मुलखात ही युक्ती पहाऱ्यापेक्षा अधिक भरवशाची ठरत असावी. मात्र बैलाला पेवात ठेवता येत नाही, आणि बैल गेला की हंगाम गेला. म्हणून गावाच्या राखणदाराची खरी परीक्षा जनावरांच्या चोरीत होई.

हे राखणदार प्रदेशपरत्वे निरनिराळे असत. वेशीचा दरवाजा सांभाळणारा तो वेसकर, आणि रात्री जागून फिरणारा तो जागल्या. देशावर वेसकराचे काम बहुधा महारांकडे, तर जागल्याचे काम पुणे-सातारा भागांत रामोशांकडे असे; खानदेशात ते भिल्लांकडे, तर दक्षिणेकडे बेरडांकडे जाई, आणि दक्षिण मराठा मुलखात शेतसनदी, म्हणजे चाकरीच्या मोबदल्यात जमीन खाणारे शिपाई, हेही गावच्या बंदोबस्तात असत. मोबदला रोख नसे. इनाम जमिनीचा तुकडा आणि खळ्यावर मिळणारे धान्य किंवा पेंढ्या असे त्याचे स्वरूप होते, आणि ते वतन, म्हणजे वंशपरंपरेने चालणारा हक्क, मानले जाई. येथे एक विसंगती नोंदविलीच पाहिजे. ज्याच्या भरवशावर गाव निर्धास्त झोपे त्या महाराची वस्ती गावकुसाबाहेर असे. दरोडा पडला तर पहिला घाव झेलण्याची आणि चोरी झाली तर पहिला दंड भरण्याची पाळी अशा माणसांवर येई, ज्यांना त्या कुसाच्या आत घर बांधण्याची मुभा नव्हती.

पेशवाई संपल्यावर दख्खनचा कमिशनर झालेल्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने ऑक्टोबर १८१९ मध्ये जिंकलेल्या मुलखासंबंधी जो अहवाल लिहिला, त्यात या राखणीचा मुख्य नियम स्पष्टपणे नोंदलेला आहे. गावच्या शिवारात चोरी झाली की चोर शोधून काढणे हे जागल्याचे काम. त्याने चोराचा माग काढीत शेजारच्या गावच्या हद्दीपर्यंत जावे, तेथल्या जागल्याची खात्री पटवून माग त्याच्या हवाली करावा, आणि मग पहिले गाव मोकळे व्हावे. दुसऱ्याने तो माग तिसऱ्याच्या हद्दीत नेऊन पोचवावा, आणि जेथे माग निःसंशय जाऊन थांबला त्या शेवटच्या गावाने चोरीस गेलेल्या मालाची भरपाई करावी; जागल्याची ऐपत असेल तितके त्याच्याकडून आणि बाकीचे सगळ्या गावावर बसवून. एल्फिन्स्टनला हा दंड उघडच अन्यायाचा वाटला, कारण चोरी टाळणे किंवा नुकसान सोसणे हे दोन्ही गावाच्या आवाक्याबाहेरचे असू शकते. पूर्ण भरपाई क्वचितच घेतली जाई, काही तरी दंड मात्र बहुधा बसे, असेही त्याने नमूद केले. तथापि, न्यायाच्या तराजूत कमी भरणाऱ्या या नियमाचा एक परिणाम त्याच्या टीकेत पुरेसा उतरत नाही. माग आपल्याच शिवारात मुरला तर पैसे आपल्यालाच भरावे लागतील, हे पक्के ठाऊक असल्यामुळे, शेजारच्या गावची चोरी ही प्रत्येक गावाची स्वतःची निकड बनत असे.

माग काढण्याची विद्या या नियमातूनच धारदार झाली. पावलाची लांबी-रुंदी काडीने किंवा दोऱ्याने मोजून घेणे, वहाणेच्या तळाचे खिळे आणि झिजलेली टाच ध्यानात ठेवणे, बैल हाकलला आहे की ओढला आहे हे खुरांच्या खोलीवरून ओळखणे, अशा बारकाव्यांवर सारे अवलंबून असे. काळ्या रानातल्या ओलीत उमटलेला ठसा सहज वाचता येतो, मुरमाड माळावर आणि वाहत्या ओढ्यात तो हरवतो. त्यामुळे चोर माळ आणि ओढे धरून पळत, आणि हद्दीवर दोन गावांच्या राखणदारांत, हा ठसा तोच की दुसरा, यावरून वाद जुंपत. ज्या गावाला तो पटवून घ्यावयाचा, त्याचाच पैसा पणाला लागलेला असल्यामुळे तपासाची उलटतपासणी त्या शिवेवरच होऊन जाई.

या व्यवस्थेला सोवळी समजणे मात्र चूक ठरेल. राखण आणि धाक यांच्यामधली रेषा बारीक होती. ज्यांना राखणीचा हक्क मिळे तेच अन्यत्र चोऱ्या करीत किंवा करणाऱ्यांना आसरा देत, आणि ज्या गावाने हक्क थकविला त्या गावात चोऱ्या वाढत, अशी तक्रार इंग्रज अधिकाऱ्यांनी वारंवार केली. १८३३ मध्ये रामोशांवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध करणाऱ्या कॅप्टन अलेक्झांडर मॅकिन्टॉशचाही सूर असाच आहे. तो स्वतः रामोशांविरुद्धच्या मोहिमेतला अधिकारी असल्याने त्याचे लिखाण सावधपणे वाचावे लागते. पुण्याच्या छावणीतील गोरे रहिवासी मात्र पुढेही बंगल्याच्या पहाऱ्याला रामोशीच ठेवीत, कारण तो दारात असला की त्याचे जातभाई त्या घराच्या वाटेला जात नाहीत असा त्यांचा अनुभव होता; रात्रीच्या पहारेकऱ्याला त्या मंडळींच्या बोलीत ‘रामोशी’ हेच नाव पडले.

१८१८ नंतर किल्ल्यांवरची शिबंदी मोडली आणि गडांच्या राखणीवर पिढ्यान्पिढ्या पोसलेल्या घराण्यांचे हक्क सुटले. भिवडीचे उमाजी नाईक (१७९१–१८३२) हे अशाच एका घराण्यातले. त्यांनी इंग्रजांविरुद्ध केलेल्या बंडाकडे पुढील काळात स्वातंत्र्यलढ्याचा आरंभ म्हणून पाहिले गेले, आणि ते साहजिक आहे. परंतु राखणीच्या इतिहासात त्याचा दुसरा अर्थही दिसतो, तो असा की सरकारने तोडलेला हक्क बंडवाल्यांनी गावोगावी स्वतः वसूल करण्यास आरंभ केला. सरकारलाही हे कळले असावे, कारण मध्यंतरी उमाजींना माफी देऊन काही काळ बंदोबस्ताच्याच चाकरीत घेण्यात आले होते. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी त्यांना पुण्यात फाशी देण्यात आले.

पुढील कायद्यांनी पदे ठेवली आणि त्यांच्यामागची हमी हळूहळू काढून घेतली. १८६० च्या भारतीय दंडसंहितेने चोरी हा ज्या त्या व्यक्तीचा गुन्हा ठरविला. गावाने भरपाई देण्याच्या कल्पनेला त्या चौकटीत फारशी जागा उरली नाही. १८६७ च्या मुंबई ग्राम-पोलीस कायद्याने पाटील व जागले यांना दंडाधिकाऱ्याच्या देखरेखीखाली आणले, आणि १८७४ च्या वतन कायद्याने त्यांची चाकरी नियमांत बांधली. त्याच सुमारास, १८७१ मध्ये, ‘गुन्हेगार जमाती’ हा शब्दप्रयोग कायद्यात आला, आणि १९११ च्या कायद्यानंतर त्याचा जाच मुंबई इलाख्यातही पोचला. हजेरी, परवाने आणि तारेच्या कुंपणातल्या वसाहती यांनी अनेक जमातींचे जिणे बांधून टाकले. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. महाराष्ट्राच्या विमुक्त, म्हणजे त्या कायद्यातून सुटलेल्या, जातींच्या यादीत आज रामोशी आणि बेरड ही दोन्ही नावे आहेत. चोरांपासून गाव राखण्याचे वतन ज्यांच्याकडे होते त्यांचीच ओळख सरकारदप्तरी अशी उलटली.

वतनाचा शेवट आतूनही मागितला गेला. महार वतनाच्या मोबदल्यात माणूस चोवीस तास सरकारचा व गावाचा बांधील होतो, हे ओळखून डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. कनिष्ठ गावकामगारांची वतने १९५८ च्या कायद्याने संपली, मुलकी पाटीलकी १९६२ च्या कायद्याने गेली, आणि १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम-पोलीस अधिनियमानुसार नेमला जाणारा पोलीस पाटील हा वंशपरंपरेचा हक्कदार राहिला नाही. गुन्ह्याची वर्दी देणे आणि तपासात मदत करणे ही कामे त्याच्याकडे आहेत. चोरीची भरपाई त्याच्याकडून कोणी मागत नाही.

आता शेतातून विहिरीवरच्या मोटरीची केबल जाते, ठिबकचे साहित्य जाते, द्राक्षाचा तयार घड रातोरात उतरवला जातो. फिर्याद ठाण्यात नोंदवली जाते, मोठी चोरी असेल तर श्वानपथक येते, आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात बहुधा एक ठराविक ओळ असते: श्वानाने डांबरी रस्त्यापर्यंत माग काढला, तेथून चोरटे वाहनातून पसार झाले असावेत. रस्त्याच्या त्या कडेला तो माग हवाली करून घेण्यास पलीकडच्या गावचा जागल्या उभा नसतो.