घोंगडी : घराचें पांघरूण, वाटेचें छप्पर

राजेरजवाड्यांच्या शालजोड्यांविषयीं पुष्कळांनीं लिहिलें आहे. परंतु सामान्य माणसानें थंडी कशी घालविली, याचा इतिहास लिहिण्याची गरज फारशी कोणास वाटलेली नाहीं. वास्तविक अन्नाच्या खालोखाल मनुष्यास ऊब लागते, आणि ती ऊब तो कशापासून मिळवितो यावरून त्याचा देश, त्याचा धंदा व त्याची राहणी हीं तिन्ही ओळखतां येतात.

महाराष्ट्रांतील पांघरुणांचीं दोन कुळें आहेत. पहिलें कूळ कापसाचें. जुनीं लुगडीं व धोतरें एकावर एक पसरून, त्यांस धांवदोरा घालून केलेली गोधडी किंवा वाकळ, आणि पिंजलेला कापूस भरलेली दुलई किंवा रजई हीं या कुळांतलीं. दुसरें कूळ लोकरीचें. त्यांत घोंगडी, कांबळें व धाबळी यांचा समावेश होतो. पहिल्या कुळांतलीं पांघरुणें बहुतेक घरींच राहिलीं. घोंगडी मात्र माणसाच्या खांद्यावर बसून रानोमाळ हिंडली. असें कां झालें, हें पाहिलें म्हणजे घोंगडीचा सर्व इतिहास उलगडतो.

पांघरुणांत स्वतःची अशी ऊब नसते. त्याच्या तंतूंमध्यें जी हवा अडकून राहते, ती शरीराची उष्णता बाहेर जाऊं देत नाहीं, एवढेंच. कापूस कोरडा आहे तोंवर हें काम उत्तम करतो. पण भिजला कीं त्याचे तंतू एकमेकांस चिकटतात, हवा निघून जाते आणि रजई म्हणजे ओल्या कापसाचा गोळा होऊन बसतो. लोकरीचा तंतू जातीचाच कुरळा असल्यामुळें सहसा दबत नाहीं. आपल्या वजनाच्या सुमारें तृतीयांश इतकी वाफ शोषून घेतली तरी लोकर हातास ओली लागत नाहीं. उलट वाफ शोषून घेतांना ती थोडी उष्णताच बाहेर टाकते. शिवाय तंतूवरील बारीक खवले व मेंढीच्या अंगची चरबी यांमुळें पावसाचे थेंब वरच्यावर ओघळून जातात. तेव्हां कापूस हें छपराखालचें पांघरूण आणि लोकर हें उघड्यावरचें पांघरूण, अशी ही वांटणी निसर्गानेंच करून ठेविली आहे.

हें ज्ञान आपल्या देशांत फार जुनें आहे. पाणिनीच्या व्याकरणांत ‘कंबल’ शब्दापासून ‘कंबल्य’ हा शब्द साधला आहे, आणि टीकाकारांनीं त्याचा अर्थ शंभर पलें लोकर असा दिला आहे. कंबलावरून लोकरीच्या मापास नांव पडावें, इतका तो व्यवहारांतला जिन्नस होता. बुद्धाच्या समकालीन आचार्यांत अजित केशकंबली हा एक होता. मनुष्याच्या केसांचें कांबळें पांघरीत असल्यामुळें त्यास हें नांव मिळालें. असलें कांबळें थंडीत गार व उन्हाळ्यांत गरम असतें, म्हणून तें सर्व वस्त्रांत निकृष्ट होय, असें बौद्ध ग्रंथांत म्हटलें आहे. केस निराळे आणि लोकर निराळी, हा भेद त्या काळच्या लोकांस पुरता ठाऊक होता.

कौटिल्याचें अर्थशास्त्र १९०५ सालीं म्हैसूर येथें शामशास्त्री यांच्या हातीं आलें व १९०९ सालीं छापून प्रसिद्ध झालें. त्यांत राजाच्या कोठारांत ठेवावयाच्या मौल्यवान वस्तूंमध्यें लोकरी वस्त्रांची एक मोठी यादी आहे. तींत घोड्याच्या पाठीवर घालावयाचें आस्तरण आहे, तसेंच नेपाळांतून येणारें एक काळें, आठ तुकडे जोडून केलेलें व पाऊस अडविणारें कांबळेंहि आहे. म्हणजे पावसांत पांघरावयाचें लोकरी वस्त्र हा दोन हजार वर्षांपूर्वीं राजाच्या कोठारांत मानानें ठेविला जाणारा माल होता.

दख्खनच्या पठारावर हेंच काम घोंगडीनें केलें. तेलंगणांत तिला गोंगडी व कर्नाटकांत कंबळी म्हणतात. तेथें कुरुमा व कुरुबा हे मेंढपाळ, आणि इकडे धनगर व सणगर, ही परंपरा चालवीत आले. दख्खनी मेंढी लहान चणीची व बहुधा काळ्या रंगाची असते. तिची लोकर वर्षांतून दोनदां कातरतात, आणि दोन्ही मिळून ती साधारण अर्धा किलोच भरते. तेव्हां एका घोंगडीच्या पाठीशीं चार-पांच मेंढ्यांची वर्षाची लोकर असते. कातरलेली लोकर निवडून पिंजावयाची, बायकांनीं तिचें सूत काढावयाचें, ताण्यास चिंचोक्यांची खळ द्यावयाची, आणि मग सणगरानें खड्ड्यांत पाय सोडून हातमागावर आठ ते दहा फूट लांब व सुमारें चार फूट रुंद अशी पट्टी विणावयाची. रंगाचें काम नाहीं. मेंढीचा काळा व पांढरा रंग तोच घोंगडीचा रंग. खळीमुळें नवी घोंगडी ताठ व अंगास बोंचरी असते. शहरांतल्या गिऱ्हाइकास हा दोष वाटतो. परंतु तो जाडेपणा व ताठपणाच पावसाला अडवीत असतो.

धनगराचें सारें वर्ष वाटेवर जातें. माणदेशासारख्या मुलखांत वर्षाकाठीं सुमारें वीस इंच पाऊस पडतो, तर महाबळेश्वरास दोनशें इंचांहून अधिक. दख्खनी मेंढीस कोरडी हवा मानवते. म्हणून पावसाळा माणदेशाकडे काढावयाचा, दिवाळीच्या सुमारास कळप घेऊन पश्चिमेस उतरावयाचें, शेतांतून मेंढ्या बसवून लेंडीखताच्या मोबदल्यांत धान्य घ्यावयाचें, आणि मृगाच्या आधीं परत फिरावयाचें, असा हा क्रम पिढ्यान् पिढ्या चालत आला. या हिंडण्यांत घोंगडी हेंच धनगराचें घर. चालतांना ती खांद्यावर, पाऊस आला कीं एक कोपरा मुडपून केलेली खोळ डोक्यावर, बसतांना आसन, रात्रीं अंथरूण-पांघरूण, आणि नुकतें जन्मलेलें कोंकरूं उचलून न्यावयाचें झाल्यास झोळी. पुणें येथें राहून धनगरांच्या दैवतांचा अभ्यास करणारे जर्मन पंडित गुंथर सोन्थायमर (१९३४–१९९२) यांनीं बिरोबा, म्हसकोबा व खंडोबा यांवर १९७६ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. देव आणि भक्त हे दोघेहि या वाटेवरचेच, हें त्यावरून ध्यानांत येतें.

वाटेवरची ही घोंगडी घरांतहि मानानें राहिली. लोकरीस विटाळ होत नाहीं या समजुतीनें सोंवळ्याची धाबळी देवघराशेजारीं वाळत असे. पाहुण्यास बसावयास घोंगडी अंथरीत. भाषेनेंहि तिची खूण जपली आहे. लांबणीवर पडलेल्या कामास आपण ‘भिजत घोंगडें’ म्हणतों. घोंगडी पावसाच्या सरींस दाद देत नाहीं. पण एकदां पुरती भिजली कीं दगडासारखी जड होते व दोन-दोन दिवस वाळत नाहीं. हा अनुभव घेतल्यावांचून असा वाक्प्रचार कोणी बनविला नसता.

मग या वस्त्रास उतरती कळा कां लागली? १६ एप्रिल १८५३ रोजीं मुंबईहून ठाण्यास आगगाडी सुटली आणि १८६३ सालीं ती बोरघाट चढली. प्रवाशाच्या डोक्यावर छप्पर आलें; घोंगडीचें निम्में काम तेव्हांच संपलें. पुढें १८७६ सालीं कानपूरास व १८८० सालीं पंजाबांत धारीवाल येथें लोकरीच्या गिरण्या निघाल्या, आणि मऊ, रंगीत ब्लँकेटें गांवोगांवच्या बाजारांत आलीं. पाऊस अडविण्यास छत्री, निजण्यास सोलापुरी चादर, थंडीस ब्लँकेट, बसण्यास सतरंजी. एका घोंगडीचें काम चार वस्तूंनीं वांटून घेतलें. आतां तर वातानुकूलित डब्यांतून प्रवास करणारास पांघरूण रेल्वेच पुरविते. सांथीमुळें मार्च १९२० नव्हे, तर मार्च २०२० मध्यें ही सोय बंद झाली आणि मार्च २०२२ मध्यें पुन्हां सुरू झाली. त्या दोन वर्षांत घरून पांघरूण घेऊन निघण्याची जुनी रीत कित्येकांस नव्यानें शिकावी लागली.

याहून मोठा आघात मेंढीवरच झाला. लोकर मऊ व्हावी म्हणून विसाव्या शतकांत परदेशी जातींशीं संकर करून पाहण्यांत आले. पुढें मांसास भाव आला आणि धनगरहि लोकरीपेक्षां मांसाच्या जातीकडे वळला. आज दख्खनी लोकरीस इतकी कमी किंमत येते कीं पुष्कळदां कातरणावळहि सुटत नाहीं, आणि कातरलेली लोकर शेताच्या बांधावर टाकून दिली जाते. जी लोकर एके काळीं पांघरूण, आसन व छप्पर होती, ती आज कचरा ठरली. सणगराचा मुलगा मागाकडे पाठ फिरवितो यांत त्याचा दोष नाहीं. दिवसाची मजुरी ज्या कामांत मिळत नाहीं, तें काम कोणी कां करावें?

घोंगडीस वांचवावयाचें तर तिच्याकडून शालीचें काम मागूं नये. दुकानांत हात फिरवून मऊपणा पाहण्याऐवजीं विणकरास दोन प्रश्न विचारावे : लोकर दख्खनी मेंढीची आहे काय, आणि सूत हातीं काढलेलें आहे काय? त्याचें उत्तर होय असेल तर त्याच्या श्रमाच्या दिवसांचा हिशेब करून किंमत द्यावी. अशी घोंगडी फरशीच्या गारव्यावर अंथरावयास, पावसाळी सहलीस, किंवा गच्चीवर निजावयास घ्यावी. ती वरचेवर धुऊं नये. झटकून उन्हांत घालावी. धुणें भागच पडलें तर गार पाण्यांत धुऊन सावलींत वाळवावी, आणि ठेवतांना घडींत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालावा. एवढी निगा राखली तर ती पुष्कळ वर्षें टिकते. आणि एका घरानें घेतलेली एक घोंगडी म्हणजे बांधावर पडणारी चार-पांच मेंढ्यांची लोकर पुन्हां मागावर चढते.