जेऊरची चाळीस फुटी नळी आणि तळणीचे नऊ इंची भिंग

#थ्रेड

डिंगोऱ्याहून माळशेजकडे निघाले की पिंपळगाव जोगा धरणाचे पाणी लागते. तेथे रोहित पक्षी उतरले की काठावर लांबलचक लेन्स घेतलेली मंडळी जमतात आणि एक वाद हटकून रंगतो : टेलिकन्व्हर्टर लावावा की नाही? या वादाचा एक जुना अध्याय महाराष्ट्रातच घडला आहे.

आधी यंत्राविषयी थोडेसे. लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसणारा हा अंतर्गोल भिंगांचा संच. दुर्बिणीसाठी पीटर बार्लो यांनी हीच युक्ती १८३० च्या दशकात मांडली होती. प्रतिमा दुप्पट होते, पण तोच प्रकाश चौपट क्षेत्रावर पसरतो. शिवाय मूळ भिंगाचे दोषही दुप्पट मोठे होऊन समोर येतात.

आता २२ जानेवारी १८९८. मुंबई-पुण्यात प्लेगची दहशत, रँडच्या वधाला जेमतेम सात महिने झालेले. अशा काळात खग्रास सूर्यग्रहणाची सावली कोकणातून विदर्भाकडे गेली. विजयदुर्गावर नॉर्मन लॉकियर होते. करमाळ्याजवळच्या जेऊरला पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे कावसजी नायगमवाला होते, आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेलही.

कॅम्पबेल यांच्यापाशी ४० फूट नाभीय अंतराचा कॅमेरा होता. भिंगाचा व्यास अवघा ५ इंच. शेबर्ले यांनी १८९३ मध्ये चिलीत वापरलेली ही रचना. भिंगाचा आधार नळीपासून वेगळा ठेवलेला, म्हणजे वाऱ्याने नळी थरथरली तरी चित्र हलू नये. (आज आपण ट्रायपॉड आणि रिमोट वापरतो, कारण तेच!) काचेवर सूर्यबिंब उमटे सुमारे साडेचार इंचांचे. सूर्यालगतच्या प्रभामंडळाचे बारकावे टिपण्यासाठी याहून उत्तम साधन तेव्हा क्वचितच असेल.

त्याच दिवशी विदर्भातील तळणी येथे ॲनी माँडर यांचा कॅमेरा मात्र अगदी लहान : दीड इंची भिंग, नाभीय अंतर ९ इंच. बिंब जेमतेम दोन मिलिमीटरचे. तरीही प्रभामंडळाचा सुमारे ६० लाख मैल पसरलेला झोत त्याच काचेवर उमटला. इतका लांब झोत त्यापूर्वी कोणी छायाचित्रात पकडला नव्हता.

असे का व्हावे? गणित करून पाहा. जेऊरचे भिंग एफ/९६, तळणीचे एफ/६. फरक १६ पट. म्हणजे काचेच्या तेवढ्याच क्षेत्रावर पडणारा प्रकाश २५६ पट. बाह्य प्रभामंडळ इतके मंद असते, आणि खग्रास अवस्था दोनच मिनिटांची! ही आजच्या अर्थाने काटेकोर तुलना नव्हे, कारण काचा आणि वेळा निराळ्या होत्या. तरी माझ्या मते, मोठे चित्र म्हणजे अधिक माहिती हा समज खोडायला एवढे पुरेसे आहे.

धरणाच्या काठावर हेच गणित लहान रूपात भेटते. ३०० मिमी एफ/२.८ लेन्सवर दुप्पट कन्व्हर्टर लावला तर ६०० मिमी एफ/५.६ मिळते, निभावून जाते. एफ/५.६ च्या झूमवर तोच लावला की एफ/११ होते, आणि पहाटेच्या उजेडात अनेक कॅमेऱ्यांचा ऑटोफोकस चाचपडू लागतो.

तेव्हा चाचणी घ्यायचीच तर अशी घ्यावी : एकाच अंतरावरून, स्थिर ट्रायपॉडवरून, एक चित्र कन्व्हर्टरसह आणि एक त्याच्याविना. दुसरे संगणकावर तेवढेच मोठे करावे आणि पिसांच्या कडा शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. प्रत्येक लेन्ससाठी हे नव्याने करावे लागते.