हानाशोबु फुलाचें इतिवृत्त

वेखंड ठाऊक नाहीं असें महाराष्ट्रीय घर सहसा आढळावयाचें नाहीं. तान्ह्या मुलाचें पोट दुखूं लागलें कीं आजीबाईच्या बटव्यांतून तें निघावयाचें आणि सहाणेवर उगाळलें जावयाचें. परंतु आपल्या घरांत येतो तो वेखंडाचा वाळलेला कांडा. पाणथळ जागीं तरवारीच्या पात्यांसारखीं उभीं राहणारीं त्याचीं हिरवीं पानें पाहिलेले लोक आपल्यांत थोडेच. जपानांत मान आहे तो या पानांस. पांचव्या महिन्याच्या पांचव्या दिवशीं तेथें मुलग्यांचा सण होतो. त्या दिवशीं वेखंडाचीं पानें वळचणीला खोवावयाचीं व स्नानाच्या ऊन पाण्यांत टाकावयाचीं, ही तेथील जुनी चाल. वेखंडास जपानी भाषेंत 'शोबु' म्हणतात, आणि 'क्षात्रवृत्तीचा आदर' या अर्थाच्या शब्दाचा उच्चारहि तसाच आहे. त्यामुळें सामुराईंच्या घरीं या पानांचें महत्त्व विशेष. वेखंडाचें फूल मात्र लहानशा कणसासारखें. शोभेच्या दृष्टीनें त्याचा उपयोग नाहीं. म्हणून पानें वेखंडासारखीं, पण फूल डोळ्यांत भरणारें, अशा एका वनस्पतीस जपानी लोकांनीं 'हानाशोबु', म्हणजे 'फुलाचें वेखंड', असें नांव दिलें. वनस्पतिशास्त्राप्रमाणें दोघांचीं कुळें अगदीं भिन्न; हानाशोबु हें आयरिस कुळांतील आहे. याच फुलाचा इतिहास आज आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों. तो आहे बागेचा. परंतु त्यांत एका वचनाची गोष्ट गुंतलेली आहे.

रानटी हानाशोबु जपान, कोरिया, मांचुरिया व पूर्व सैबेरिया येथील ओलसर कुरणांत आपोआप उगवतें. त्याचें फूल बेताचें, तांबूस-जांभळें, आणि त्याच्या मुख्य पाकळ्या तीनच. या साध्या फुलापासून वीतभर रुंदीचीं, सहा पाकळ्यांचीं, पांढरीं, निळीं, रेघारेघांचीं फुलें निर्माण झालीं तीं एडो काळांत, म्हणजे १६०३ ते १८६८ च्या दरम्यान. आणि त्याचें मोठें श्रेय मात्सुदाइरा सादातोमो या एका गृहस्थाकडे जातें. याचा जन्म १७७३ चा, मृत्यु १८५६ चा. शोगुन म्हणजे, आपल्याकडील पेशव्यांप्रमाणें, राजाच्या नांवानें राज्य चालविणारा अधिकारी. त्याच्या खास पदरच्या सरदारांपैकीं हा एक. क्योटो शहराच्या नगराधिकाऱ्याचें कामहि यानें केलें. परंतु आज त्याचा हुद्दा कोणाच्या स्मरणांत नाहीं. स्मरणांत आहे तें त्याचें 'शो-ओ', म्हणजे 'शोबुचे आजोबा', हें नांव.

फुलांचा नाद त्याच्या पित्यासहि होता. पुत्रानें तो सुमारें साठ वर्षें चालविला. बीं पेरावें, रोपास फूल येण्याची दोन-तीन वर्षें वाट पाहावी, शेंकड्यांतून एखादें निवडावें, बाकीचीं उपटून टाकावीं, आणि निवडलेल्याचें बीं पुनः पेरावें. असा हा क्रम. आयुष्याच्या अखेरच्या काळांत त्यानें या फुलाच्या संगोपनावर ग्रंथ लिहिला. त्याच्या एका जातीचें नांव 'विश्व' या अर्थाचें आहे. गर्द निळ्या-जांभळ्या रंगाची ती जाति आजहि जिवंत आहे.

जिवंत आहे असें आम्ही म्हणतों, तें कसें हें समजण्यास या झाडाची रीत ध्यानांत घेतली पाहिजे. हानाशोबूचें बीं आईसारखें निपजत नाहीं. एखादी जाति जशीच्या तशी राखावयाची तर तिचा कांडा फोडून लावणें हाच उपाय. याला पाणवनस्पति समजून बाराही महिने पाण्यांत बुडवून ठेवणारे फसतात. याला हवें भरपूर ऊन, चुना नसलेली कसदार जमीन, आणि वसंतापासून फुलें येईपर्यंत न तुटणारा ओलावा. हिवाळ्यांत झाड निजलेलें असतां मुळांशीं पाणी तुंबलें तर तें कुजतें. दरवर्षीं नवीं मुळें जुन्यांच्या वर फुटतात. त्यामुळें गड्डा हळूहळू जमिनीबाहेर येतो आणि मध्यभागीं पोकळ होऊन मरूं लागतो. म्हणून दोन-तीन वर्षांनीं, फुलांचा बहर संपतांच, तो उकरून, फोडून, नव्या मातींत लावावा लागतो. मालकाच्या बागेंत न मावणारे फुटवे दरवेळीं उरतात. ते कोणास द्यावयाचे, हा प्रश्न या झाडाबरोबरच जन्मास आला आहे.

त्या प्रश्नाचीं दोन उत्तरें जपाननें दिलीं. पहिलें उत्तर होरिकिरीचें. एडो म्हणजे आजचें टोकियो. त्याच्या ईशान्येस नदीकांठच्या सखल भूमींत हें शेतकऱ्यांचें गांव होतें. तेथील लोकांनीं भाताच्या खाचरांसारखे वाफे करून हानाशोबु लावलें आणि पाहावयास येणाऱ्या सर्वांस बागा मोकळ्या केल्या. ज्येष्ठाच्या झडींत शहरचे लोक होड्यांतून तेथें लोटत. चित्रकार हिरोशिगे यानें १८५७ सालीं एडोच्या प्रेक्षणीय स्थळांच्या आपल्या चित्रमालेंत होरिकिरीचीं फुलें काढलीं आहेत. हीं फुलें वाफ्यांच्या कडेनें चालतां चालतां पाहावयाचीं. म्हणून त्यांचे दांडे ताठ, ठेवण सुटसुटीत आणि शेंकडों एकत्र फुललीं तरच शोभा.

दुसरें उत्तर हिगो प्रांताचें, म्हणजे दक्षिणेकडील कुमामोतोचें. तेथील अधिपति होसोकावा नारिमोरि यानें आपला एक सामुराई, योशिदा जुन्नोसुके, यास शो-ओकडे शिष्य म्हणून पाठविलें. वृद्ध गुरूनें आपले निवडक कांडे दिले. मात्र अट घातली कीं, हे बाहेर कोणास देऊं नयेत. कुमामोतोच्या सामुराईंनीं तें वचन शिरसावंद्य मानलें. त्यांनीं हीं झाडें कुंड्यांत वाढविलीं आणि फूल उमलण्याच्या सुमारास दिवाणखान्यांत सोनेरी पडद्यापुढें मांडलीं. प्रेक्षक त्यांच्यापुढें गुडघे मोडून बसे. तीन दिवसांत पाकळी कशी मोठी होत जाते, हें तो पाही. म्हणून हिगोचें फूल रुंद आणि भारदस्त झालें. पुढें मेइजी काळांत या मंडळींनीं 'पूर्णचंद्र' या अर्थाच्या नांवाची संस्था काढली व गुरूची अट नियम म्हणून लिहून ठेवली. दोन पिढ्यांहून अधिक काळ हिगोचें फूल कुमामोतोबाहेर गेलें नाहीं.

तायशो काळांत (१९१२–१९२६) संस्थेच्या एका सभासदानें ती अट मोडली. कांडे प्रांताबाहेर गेले, विकले गेले. कुमामोतोंत मोठा क्षोभ झाला. वचनाला प्राणापलीकडे जपणाऱ्या समाजांत तो होणें साहजिकच होतें, आणि त्यांच्या रागांत आम्हांस कांहीं गैर दिसत नाहीं. त्या नियमानें त्यांस धीर दिला होता. बाजाराची घाई नव्हती, म्हणूनच पिढ्यान्‌पिढ्या एकाच आदर्शाकडे डोळा ठेवून त्यांस निवड करतां आली.

पण पुढील हकीकतहि पाहिली पाहिजे. शो-ओनें एडोंत वाढविलेल्या शेंकडों जातींपैकीं आज मोजक्याच उरल्या आहेत. दुसऱ्या महायुद्धांत अन्नाच्या टंचाईमुळें होरिकिरीच्या वाफ्यांत भात लावावा लागला व बागा बंद पडल्या. त्यांतील एक टोकियोच्या सरकारनें १९५९ सालीं विकत घेऊन १९६० सालीं लोकांसाठीं उघडली. तीच आज शिल्लक आहे. उलट, बाहेर पडलेलीं हिगोचीं फुलें जपानच्या इतर बागांत व अमेरिकेंत रुजलीं आणि आजच्या अनेक नव्या जातींचीं मातापितरें झालीं. कुमामोतोची संस्थाहि मोडली नाहीं. तिचें काम चालूच राहिलें.

आपल्याकडेहि वैद्याचें रामबाण औषध त्याच्याबरोबर चितेवर गेलें, गवयाची ठेवणींतली चीज त्याच्या गळ्यांतच राहिली, अशा गोष्टी घरोघर ऐकूं येतात. ती ठेव जपणारे लोक कंजूष होते असें आम्ही म्हणणार नाहीं. त्यांनीं जपली नसती तर ती त्यांच्यापर्यंतहि आली नसती. कुमामोतोच्या त्या सभासदानें गुरूचें वचन मोडलें, हा दोष त्याच्या माथीं राहणारच. पण ज्या म्हाताऱ्यानें साठ वर्षें बीं पेरलें, तो आज एखाद्या परक्या मुलुखांतील बागेंत आपल्या फुलाचे वंशज पाहता, तर त्या सभासदावर रागावता किंवा न रागावता, हें सांगणें आम्हांस कठीण वाटतें. फुटवे हातांत घेऊन उभ्या राहिलेल्या प्रत्येक माळ्यास तें आपल्यापुरतें ठरवावें लागतें.