ऊल्डीयाचे पाणी
ऑस्ट्रेलियातील नलारबोर पठारावरून ४७८ किलोमीटर सरळ जाणारा लोहमार्ग पाहून आपण अभियंत्यांची थोरवी गातो. ते रास्तच आहे. १९१२-१३ मध्ये दोन्ही टोकांकडून टाकावयास घेतलेले रूळ १७ ऑक्टोबर १९१७ रोजी ऊल्डीया येथे जुळले. परंतु सुमारे १,७०० किलोमीटरांच्या त्या वाटेवर एकही बारमाही प्रवाह नव्हता. इंजिनांची तहान भागविण्यास ऊल्डीयाचा झरा उपसण्यात आला. याच झऱ्यावर आदिवासींच्या असंख्य पिढ्या जगल्या होत्या. विंधणे घेताना तळाचा चिकणमातीचा थर भेदला गेला, पाणी खारावले आणि १९२६ साली उपसा थांबला. गाड्या दुसऱ्या पाण्यावर धावत राहिल्या. आदिवासींचा झरा मात्र गेला. रुळांची लांबी सांगताना आपण या पाण्याचाही हिशेब मांडला पाहिजे.