फॉलिक आम्ल : तुटवडा आणि नाकेबंदी

राष्ट्रीय कार्यक्रमानुसार सरकारी शाळांतील सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना आठवड्यातून एकदा निळी गोळी देतात. धाराशिव जिल्ह्यातील शिक्षकांनाही ती परिचित आहे. तीत लोहाबरोबर फॉलिक आम्ल असते. लोह कशासाठी, हे मुले चटकन सांगतात. फॉलिक आम्ल कशासाठी?

या उत्तराची सुरुवात मुंबईत झाली. गरोदर गिरणी कामगार स्त्रियांना होणाऱ्या जीवघेण्या रक्तक्षयाचा अभ्यास करण्यासाठी लूसी विल्स या ब्रिटिश डॉक्टर १९२८ मध्ये तेथे आल्या. या रुग्णांच्या रक्तात तांबड्या पेशी थोड्या, पण आकाराने मोठ्या असत. जीवनसत्त्व 'अ' आणि 'क' देऊन गुण आला नाही. यीस्टच्या स्वस्त अर्काने, मार्माइटने, मात्र आला. हा निष्कर्ष १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. यीस्टमधील तो घटक म्हणजेच फॉलिक आम्ल. हे नाव १९४१ मध्ये पालकाच्या पानांवरील संशोधनातून आले.

पेशी मोठ्या का होतात? विभाजनापूर्वी पेशीला नवे डीएनए घडवावे लागते. त्यातील प्यूरीनच्या दुहेरी कड्यात पाच कार्बन व चार नायट्रोजन असतात. दोन कार्बन फॉलिक आम्लाचे क्रियाशील रूप आणून देते आणि ट्रान्सफॉर्मिलेज गटातील दोन विकरे ते जागेवर बसवतात. विकर हा गवंडी, तर फॉलिक आम्ल ही विटांची गाडी. डीएनएतील थायमिनलाही हीच गाडी लागते. गाडी आली नाही तर बांधकाम रखडते. पेशी वाढते, पण वेळेवर विभागत नाही.

मग बेसुमार विभागणाऱ्या पेशींची गाडी मुद्दाम अडवली तर? अमेरिकेत लेडर्ली प्रयोगशाळेत येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या गटाने फॉलिक आम्लासारखेच दिसणारे अमिनॉप्टेरिन बनवले. क्रियाशील रूप तयार करणाऱ्या डायहायड्रोफोलेट रिडक्टेज या विकराला ते चिकटते आणि गाडी जुंपलीच जात नाही. १९४८ मध्ये बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाच्या १६ मुलांवरील अनुभव प्रसिद्ध केला. दहा मुलांना उतार पडला होता, पण तात्पुरता.

त्याच कुळातील मेथोट्रेक्सेट आजही वापरतात. ते निरोगी रक्तपेशींनाही अडवते. म्हणून मोठ्या मात्रेनंतर फॉलिनिक आम्ल देऊन त्यांना सावरतात. मुंबईत मातांना यीस्टच्या अर्काने मिळाले तेच येथे औषध म्हणून द्यावे लागते.